दिवा गाडीत आहे, मग तो बंद का ठेवलात? कार कंपन्यांना एक खुलं पत्र

प्रति,
कार बनवणाऱ्या सर्व कंपन्यांच्या प्रकाशयोजना आणि उत्पादन-नियोजन विभागांतील अधिकारी

सप्रेम नमस्कार.

माझ्या गाडीच्या हेडलाइटच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत काही अक्षरं कोरलेली आहेत. चार वर्षं ती काच मी धुतली, पुसली, पण ती अक्षरं वाचून बघावीत असं कधी मनात आलं नाही. दोन महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने मला गाडीसमोर उकिडवं बसवलं, मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका धरला आणि म्हणाला, "ताई, वाच." वर्तुळात 'ई' हे अक्षर, त्याला लागून मंजुरी देणाऱ्या देशाचा आकडा, आणि पुढे एकेका दिव्याची एकेक खूण. त्या खुणांमध्ये 'आर' आणि 'एल' ही दोन अक्षरं जोडीने होती.

तुम्हाला त्यांचा अर्थ पाठ असेल. हे पत्र इतरही वाचतील, म्हणून सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत ८७ क्रमांकाचा नियम डे-टाइम रनिंग लाइटसाठी, म्हणजे गाडी चालू असताना दिवसा आपोआप लागणाऱ्या पुढच्या दिव्यासाठी, थोडक्यात डीआरएलसाठी आहे. त्या नियमाने तपासून पास झालेल्या दिव्यावर 'आरएल' ही खूण येते. म्हणजे माझ्या गाडीत डीआरएल होता. पहिल्या दिवसापासून होता. कुठल्यातरी प्रयोगशाळेत त्याचा उजेड मोजला गेला होता, त्याची किंमत मी गाडीच्या किमतीत भरली होती, आणि तरीही तो एकदाही लागला नव्हता. कारण तुमच्यापैकी एका कंपनीने गाडी मला देतानाच तो सॉफ्टवेअरमध्ये बंद करून ठेवला होता.

ही अक्षरं शोधायची वेळ का आली, ते सांगते.

मी रोज एका दुपदरी रस्त्याने ये-जा करते. मधला काही किलोमीटरचा पट्टा दोन्ही बाजूंच्या मोठ्या झाडांखालून जातो. वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, खाली डांबरावर ऊन-सावलीची जाळी. माझी गाडी राखाडी. त्या दिवशी दुपारचे साडेतीन वाजले असतील, आकाश स्वच्छ, रस्ता कोरडा. समोरून ट्रक येत होता, आणि त्याच्या मागून एक कार ओव्हरटेक करायला सरळ माझ्या लेनमध्ये आली. मला बघून मागे घेईल असं वाटलं. त्याने घेतली नाही. हॉर्न, ब्रेक, आणि एका बाजूची चाकं कडेच्या मातीत. गाडी घसरत जाऊन एका झाडापासून हातभर अंतरावर थांबली. ट्रकवाल्यानेही ब्रेक दाबला म्हणून ती कार आमच्या मधून निघून गेली.

तो माणूस पुढे जाऊन थांबला आणि चालत परत आला. त्याचे हात थरथरत होते. "ताई, शपथेवर सांगतो, मी बघूनच गाडी बाहेर काढली. रस्ता रिकामा दिसला. तुम्ही एकदम सावलीतून उगवलात."

मी त्याच्यावर ओरडणार होते. पण तो बोलत असताना माझी नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली, ज्या बाजूने मी आले होते तिकडे. झाडांखालून एक गडद रंगाची गाडी येत होती. तिचा आवाज मला आधी आला आणि ती दिसली नंतर. तोही माझ्यासोबत वळून बघत होता. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

चूक त्याचीच होती, ओव्हरटेक करणाऱ्याने खात्री करायलाच हवी. पण तो खोटं बोलत नव्हता. आपला डोळा वस्तू ओळखतो ती मागच्या रंगापेक्षा ती किती वेगळी दिसते त्यावरून. राखाडी डांबर, राखाडी सावली आणि राखाडी बॉनेट यांत वेगळं काढण्यासारखं काही नसतं. त्यात समोरून सरळ येणारी गाडी ही डोळ्याला सगळ्यात अवघड. ती डावीकडे-उजवीकडे सरकत नाही, एकाच जागी हळूहळू मोठी होत जाते, आणि लांब असताना ते मोठं होणं जाणवतच नाही. जाणवतं तेव्हा ती जवळ आलेली असते. ताशी ८० किलोमीटरने समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या दर सेकंदाला सुमारे ४४ मीटरने जवळ येतात. समोरच्याने मला फक्त तीन सेकंद आधी पाहिलं असतं, तर आमच्यात जवळजवळ १३० मीटर जास्त असते. त्या दिवशी माझ्या वाट्याला हातभर आलं.

डीआरएल ते तीन सेकंद देतो. त्याचं काम रस्ता दाखवायचं नाहीच, गाडी दाखवायचं आहे. म्हणून तर त्याची रचना हेडलाइटपेक्षा वेगळी असते. लो बीम मुद्दाम खाली झुकवलेला असतो, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. डीआरएल सरळ समोर, समोरच्याच्या नजरेच्या रेषेत उजेड टाकतो, पण मापात. ८७ क्रमांकाच्या नियमात त्याची किमान तीव्रता ४०० कँडेला आणि कमाल १२०० कँडेला ठरवली आहे (कँडेला हे उजेडाची तीव्रता मोजायचं एकक). उन्हात उठून दिसेल इतका तेज, दिवसा कुणाचे डोळे दिपणार नाहीत इतका सौम्य. हे तुमच्याच इंजिनिअरांनी नेमकं साधलं आहे, आणि त्याबद्दल मला आदर आहे.

त्या प्रसंगानंतर मी सर्व्हिस सेंटरला गेले. एकच प्रश्न विचारला, दिवसा पुढचे दिवे आपोआप लागतील असं करता येईल का? काउंटरवरच्या मुलाने गाडीचा नंबर टाकला, स्क्रीन बघितला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या व्हेरियंटला डीआरएल येत नाही." मी विचारलं, मग हेडलाइटच्या आत ती वाकडी पांढरी पट्टी आहे ती कसली? "ती पार्किंग लाइट." मग दिवसा पार्किंग लाइट लावून चालवू का? "चालेल की मॅडम, तेच असतं."

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या स्क्रीनवर तुम्ही जे लिहिलंत ते त्याने वाचून दाखवलं. पण ते 'तेच' नसतं. पार्किंग लाइटला, म्हणजे पुढच्या पोझिशन दिव्याला, नियमाप्रमाणे किमान ४ कँडेला पुरतात. डीआरएलला किमान ४००. शंभर पटींचा फरक! भर दुपारी पार्किंग लाइट लावून निघालेला माणूस आपण दिसतोय अशा समजुतीत गाडी चालवतो आणि कुणालाच दिसत नाही.

भाऊ गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. मी त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी काही बोलला नाही, सरळ काचेवरची अक्षरं बघायला गेला. मग त्याने मला अजून एक गोष्ट दाखवली. पार्किंग लाइट लावली आणि मोबाइलचा कॅमेरा त्या पट्टीवर धरला. डोळ्यांना स्थिर दिसणारी पट्टी स्क्रीनवर थरथरत होती, तिच्यावर काळे पट्टे सरकत होते. "हा एलईडी पूर्ण ताकदीने चालतच नाहीये," तो म्हणाला. "दिवे सांभाळणारं मॉड्युल, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, त्याला सेकंदात शेकडो वेळा बंद-चालू करून मंद ठेवतंय. पूर्ण वीज दिली की हाच डीआरएल."

रविवारी सकाळी त्याने बॅटरीला चार्जर लावला, कारण मॉड्युलमध्ये काही लिहिताना मध्येच व्होल्टेज पडलं तर मॉड्युल कायमचं बिघडू शकतं. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे मेकॅनिक गाडी तपासायला यंत्र जोडतात त्या जागी, केबल घातली. त्या दिवे सांभाळणाऱ्या मॉड्युलमधली, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्युलमधली, सगळी मूळ सेटिंग्ज आधी वाचून साठवून ठेवली, वर कागदावरही लिहून काढली. मग ती यादी खाली सरकवत नेली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. डे-टाइम रनिंग लाइट: शून्य. त्याने शून्याचा एक केला, इग्निशन बंद करून पुन्हा चालू केलं, इंजिन सुरू केलं.

पट्टी पेटली. चार वर्षं जी मिणमिणती रेघ मी दिवा म्हणून बघत होते, ती भर उन्हात कापून काढल्यासारखी पांढरी दिसली. मी गाडीकडे बघत बघत मागे चालत गेले. दीडशे पावलं, दोनशे पावलं, अडीचशे. गाडीचा आकार भिंतीच्या रंगात मिसळून गेला, तरी ते दोन ठिपके तिथेच होते. हेडलाइट लावल्यावर ते आपोआप मंद झाले, जसे व्हायला हवेत. एकही वायर बदलली नाही, एकही बल्ब विकत आणला नाही. शून्याचा एक, इतकंच.

मला खूप आनंद झाला आणि त्याच्या मागोमाग तितकाच संताप आला. हे माझ्याकडे होतंच, आणि त्या झाडांखाली ते माझ्या उपयोगी आलं नाही.

तुम्ही असं का करता, याची कल्पना आहे. दोन-तीन व्हेरियंटसाठी वेगवेगळे हेडलाइट बनवण्यापेक्षा एकच बनवायचा, आणि महागड्या व्हेरियंटमध्ये काय जास्त मिळतं हे सॉफ्टवेअरने ठरवायचं. कारखान्याचा हिशेब म्हणून ते मला समजतं. गरम होणाऱ्या सीटसाठी करा, गाण्यांच्या स्पीकरसाठी करा. समोरच्याला मी दिसावं की नाही, हे मी कुठलं व्हेरियंट घेतलं त्यावर ठरू नये. सीटबेल्ट तुम्ही टॉप व्हेरियंटपुरता ठेवत नाही. आणि डीआरएलचा फायदा तर माझ्याइतकाच समोरून येणाऱ्या माणसाला होतो, ज्याने तुमची गाडी विकत घेतलेलीच नाही. ट्रकमागून बाहेर आलेल्या त्या माणसाला माझ्या गाडीच्या ब्रोशरमधला तक्ता कोण दाखवणार होतं?

दुसरं कारण म्हणजे कायदा. जिथे सक्ती आहे तिथे चालू, जिथे नाही तिथे बंद. तेच मॉडेल, तोच हेडलाइट, आत फक्त देशाचा कोड वेगळा. सक्तीचा इतिहास तुम्हाला माहीत आहेच. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यात गावाबाहेरच्या रस्त्यांवर दिवसाही दिवे लावणं बंधनकारक केलं. स्वीडनने १९७७ पासून ते वर्षभर आणि सगळ्या रस्त्यांवर लागू केलं. नॉर्वेने १९८५ मध्ये नव्या गाड्यांसाठी आणि १९८८ मध्ये सगळ्यांसाठी केलं, डेन्मार्कने १९९० मध्ये. कॅनडात १ डिसेंबर १९८९ पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांना डीआरएल आवश्यक झाला. युरोपीय संघात नव्या प्रकारच्या कारना ७ फेब्रुवारी २०११ पासून आणि ट्रक-बसना २०१२ च्या ऑगस्टपासून. अमेरिकेत परवानगी आहे, सक्ती नाही. हे देश बहुतेक उत्तरेकडचे, तिथे सूर्य क्षितिजाला टेकून चालतो आणि संधिप्रकाश लांबतो, म्हणून सुरुवात तिथे झाली हे खरं. पण झाडाची सावली सगळीकडे पडते. पाऊस, धूळ, धुकं, बोगद्याचं तोंड, मावळतीच्या सूर्याला पाठ करून येणारी गाडी, हे कुठल्याही अक्षांशावर आहे. कायदा किमान काय करा ते सांगतो. त्याहून जास्त करू नका असं त्यात कुठे लिहिलंय?

वीज आणि इंधनाचा मुद्दा एके काळी खरा होता. हॅलोजन हेडलाइट दिवसभर जाळायचे म्हणजे ५५ वॉटचे दोन बल्ब, वर टेललाइट, नंबरप्लेटचा दिवा, डॅशबोर्डचा उजेड, मिळून दीडशे वॉटच्या आसपास. ती वीज शेवटी इंजिनच देणार, आणि बल्बही लवकर जाणार. एलईडीच्या जोडीला दहा-वीस वॉट पुरतात. हा मुद्दा आता कुणी पुढे करू नये.

डीआरएलने अपघात खरोखर किती कमी होतात, यावर मात्र प्रामाणिकपणे बोलायला हवं. नॉर्वेचे संशोधक रुने एल्विक यांनी १९९६ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. दिवसा दोन किंवा जास्त वाहनांमध्ये होणारे अपघात, दिवे लावणाऱ्या गाडीच्या बाबतीत, साधारण १० ते १५ टक्क्यांनी कमी होतात असा अंदाज त्यातून निघाला. दुसरीकडे अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००८ मध्ये जाहीर केलेल्या विश्लेषणात, एकूण परिणाम संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम सिद्ध होईल इतका दिसला नाही. ऑस्ट्रियाने तर २००५ मध्ये केलेली दिवसा दिवे लावायची सक्ती २००८ च्या सुरुवातीला मागे घेतली. तिथे एक आक्षेप असा होता की सगळ्या कार चमकू लागल्या तर पायी चालणारे, सायकलवाले आणि मोटारसायकलवाले त्या उजेडात हरवतील.

हा शेवटचा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण मीही कधी कधी सायकल चालवते. त्यावर माझं मत असं आहे. प्रखर, वाटेल त्या कोनात लावलेला, हेडलाइटसारखा उजेड असेल तर आक्षेप बरोबर आहे. ८७ क्रमांकाच्या मापात बसणारा, सरळ समोर बघणारा, छोटा दिवा असेल तर सायकलवाल्यालाही कार आधी दिसते, आणि चौकात कुणी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडत असेल तर त्यालाही. दहा टक्के की पाच टक्के, यावर अभ्यासकांनी वाद जरूर घालावा. पण जो दिवा आधीच बसवलेला आहे, तो लावायला नवीन काहीच खर्च नसेल, तर पाच टक्क्यांसाठीसुद्धा तो बंद ठेवणं मला पटत नाही.

आता जिथे तुम्ही डीआरएल चालू देता, तिथली एक गंभीर चूक. ही या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर.

भावाने काम केलं त्याच दिवशी संध्याकाळी मी गाडी घेऊन निघाले. अंधार पडत आला होता. डॅशबोर्ड उजळलेला, समोर रस्त्यावर पांढरा उजेड पडतोय, मला वाटलं हेडलाइट चालू आहेत. एका वळणावर मागच्याने दोनदा अप्पर मारला. मी बाजूला घेतली. तो शेजारून जाताना ओरडून म्हणाला, "मागचे दिवे लावा!" हेडलाइटचा स्विच बंदच होता. पुढे डीआरएल, मागे मिट्ट काळोख. डीआरएल लागला की टेललाइट लागत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि इतकी वर्षं गाडी चालवूनही लक्षात आलं नव्हतं. भावाला फोन केला तेव्हा तो स्वतःवरच चिडला.

पूर्वी असं होत नसे. डॅशबोर्ड काळा असायचा, मीटर दिसेनासे झाले की हात आपोआप स्विचकडे जायचा. आता पडदे दिवसरात्र उजळलेले. त्यात डीआरएलमुळे पुढे थोडा उजेड पडतो, आणि चालकाची खात्री पटते की दिवे लागलेत. शहरातल्या रस्त्यावरच्या दिव्यांखाली तर कळतच नाही. रात्री रस्त्यावर नजर टाका, पुढून झगमगीत आणि मागून अदृश्य अशा गाड्या रोज दिसतील. कॅनडाने याची दखल घेतली. सप्टेंबर २०२१ पासून तिथल्या नव्या गाड्यांना तीनपैकी एक गोष्ट करावी लागते: डीआरएलबरोबर टेललाइटही लागले पाहिजेत, किंवा अंधार पडल्यावर सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत, किंवा दिवे लावेपर्यंत डॅशबोर्ड काळा राहिला पाहिजे. यातली कुठलीही गोष्ट तुम्ही आजच्या आज, कायद्याची वाट न बघता, सगळीकडे करू शकता. भावाने माझ्या गाडीत पहिली केली. त्याच यादीत, चार ओळी खाली. तिथेही शून्यच होता.

म्हणून माझी मागणी 'डीआरएल चालू करा' एवढीच नाही. टेललाइटसकट चालू करा. दिवसा मागचे दिवे लागल्याने नुकसान काही नाही, आणि पावसात, धुळीत मागच्यालाही गाडी दिसते.

इंडिकेटरबद्दलही थोडं. पुष्कळ गाड्यांत डीआरएलच्या पट्टीला चिकटूनच इंडिकेटर असतो, आणि पट्टीच्या उजेडात पिवळी उघडझाप विरून जाते. दोन्ही दिवे अगदी जवळ असतील तर इंडिकेटर चालू असेपर्यंत त्या बाजूचा डीआरएल मंद किंवा बंद करता येतो, नियमात तशी सोय आहे. काही गाड्यांत ते इतकं छान केलेलं असतं की बघत राहावं. काहींत का नाही? समोरच्या मोटारसायकलवाल्याला मी वळतेय हे कळणं जास्त गरजेचं आहे, पट्टीचा आकार पूर्ण दिसण्यापेक्षा.

तुम्ही हे अधिकृतपणे करून देत नाही तेव्हा लोक काय करतात, तेही ऐका. भावाकडे येणाऱ्या गाड्यांत मी बघितलंय. बाजारातल्या कुठल्याही खुणेशिवायच्या एलईडी पट्ट्या बंपरला चिकटवलेल्या. कुणी निळ्या, कुणी लाल. हेडलाइटच्या वायरला सुरीने सोलून जोड दिलेला, फ्यूज नाही, पाणी शिरून हिरवी पडलेली तार. पार्किंगच्या पाच वॉटच्या जागी तिप्पट-चौपट ताकदीचा बल्ब कोंबलेला आणि वितळून पिवळा पडलेला रिफ्लेक्टर. हेडलाइट लावला तरी बंद न होणाऱ्या पट्ट्या, ज्या रात्री समोरच्याला आंधळं करतात. काहीजण कुठूनतरी मिळालेला कोड डोळे झाकून मॉड्युलमध्ये लिहितात आणि मग एअरबॅगचा दिवा लागलेली गाडी टोइंगवर घेऊन येतात. या सगळ्यांना हवंय एकच, आपण दिसावं. त्यांची इच्छा योग्य आहे, रस्ता धोक्याचा आहे, आणि त्या रस्त्यावर त्यांना एका शून्याने ढकललंय.

माझ्या भावासारखा माणूस प्रत्येकाच्या घरात नसतो. नव्या गाड्यांत तर तुम्ही बाहेरून लिहिण्याची वाटच बंद केली आहे. चोरी आणि छेडछाड टाळायला ते योग्यही असेल. पण मग चावी फक्त तुमच्याकडे आहे, आणि जबाबदारीही. अजून एक भीती आहे. सर्व्हिसिंगमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं की माझा एक पुन्हा शून्य होऊ शकतो, मला न सांगता. आता दर सर्व्हिसनंतर मी गाडीसमोर जाऊन उभी राहते आणि बघते. हे मला करावं लागू नये.

तुम्ही करायचं ते असं. ज्या ज्या गाडीच्या हेडलाइटवर 'आरएल' कोरलेलं आहे, तिचा डीआरएल कारखान्यातून निघतानाच चालू असू द्या, व्हेरियंट कुठलंही असो. आधी विकलेल्या अशा गाड्या पुढच्या सर्व्हिसिंगला येतील तेव्हा मालकाला विचारा, आणि तो हो म्हणाला तर मोफत चालू करून द्या. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, मी घड्याळ लावून बघितलंय. ज्या गाडीच्या दिव्यावर ती खूण नाही, जिथे पट्टी खरोखरच फक्त पार्किंग लाइट आहे, तिथे तसं स्पष्ट सांगा. उगाच चालू करून एलईडी जाळू नका. आणि काउंटरवरच्या त्या मुलाच्या स्क्रीनवर 'येत नाही' याऐवजी 'आहे, बंद केलेला आहे' असं लिहा. त्याला खोटं बोलायला लावू नका, तो ते नकळत बोलतोय.

मॅन्युअलमध्येही एक वाक्य घाला, डीआरएल चालू असताना टेललाइट लागतात की नाही याबद्दल. माझ्या मॅन्युअलमध्ये कप होल्डरची माहिती पाऊण पान आहे. टेललाइटबद्दलचं हे वाक्य मी दोन रात्री बसून शोधलं, सापडलं नाही.

कुठली सेटिंग बदलली, तिचा मूळ आकडा काय होता, बॉडी कंट्रोल मॉड्युलच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, दिव्यावरची सगळी अक्षरं, आधीचे आणि नंतरचे फोटो, असं सगळं एका वहीत लिहून ठेवलंय. माझी गाडी ज्या कंपनीची आहे तिच्या ग्राहक विभागाला मी हेच पत्र, ती पानं जोडून, वेगळं पाठवलं आहे. तुमच्यापैकी कुणालाही गाडी प्रत्यक्ष बघायची असेल तर सांगा, मी घेऊन येईन. दुपारी साडेतीनला त्या झाडांखाली भेटू. तुम्ही ट्रकच्या जागेवर उभे राहा, मी पलीकडून येते, एकदा डीआरएल बंद ठेवून आणि एकदा चालू करून.

आपली,
एक कारचालक